उत्तर बरोबर, पण कशावरून?

मुलांची लॉगबुकं तपासायला बसलं की एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत वाचायला मिळतं: ‘या पेशंटमुळे मला नीट हिस्टरी घेण्याचं महत्त्व समजलं.’ एमबीबीएसला २०१९ पासून देशभर नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात विद्यार्थ्याने नुसत्या केसेस लिहायच्या नाहीत. काय घडलं, त्यातून काय उमगलं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करणार, हेही लिहायचं. कल्पना मला मनापासून पटते. पण मुलं ते लिहितात कधी? सबमिशनच्या आदल्या रात्री. तोवर निदान माहीत असतं, पेशंट घरी गेलेला असतो आणि ‘मला आधीपासून तसंच वाटत होतं’ असं मन आपलं आपण ठरवून मोकळं झालेलं असतं.

यात मुलांचा लबाडपणा नाही. निकाल कळला की तो आपल्याला आधीपासून दिसतच होता असं माणसाला वाटू लागतं. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. म्हणजे स्वतःचा विचार तपासायचा असेल तर तो निकालाआधीच कागदावर उतरायला हवा. नंतर लिहिलेली असते ती गोष्ट, विचार नव्हे.

म्हणून मी वॉर्डात कोरी कार्डं घेऊन जायला लागले. पेशंट तपासून झाला की चर्चा नाही, एकमेकांकडे बघणं नाही. प्रत्येकाने आपलं निदान लिहायचं, किती टक्के खात्री आहे ते लिहायचं, कशावरून ते लिहायचं. मग दोन प्रश्न, जे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात: काय दिसलं तर मत बदलाल? आणि या पेशंटमधलं काय तुमच्या निदानात बसत नाही?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन दोनेक आठवडे झाले होते. वॉर्डात तापाचे पेशंट खच्चून भरलेले; गोव्यात पावसाळ्याच्या शेवटी हे ठरलेलंच. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून आलेली चाळिशीची बाई आदल्या संध्याकाळी दाखल झाली होती. सहा दिवस ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार नव्हता. प्लेटलेट कमी, ७८,०००, यकृताची एन्झाइम्स वाढलेली, डेंग्यूची एनएस१ ही रक्ताची टेस्ट निगेटिव्ह. केस पेपरवर व्यवसाय: गृहिणी. अशा तापात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस हे जिवाणूंमुळे होणारे दोन्ही ताप डोक्यात ठेवून आमचे रेसिडेंट डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात, तसं त्यांनी रात्रीच केलं होतं. म्हणजे उपचार मुलांच्या उत्तरावर अडून राहिले नव्हते. तसे ते असते तर मी हा पेशंट शिकवायला घेतलाच नसता. आयजीएमचे, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीजचे, रिपोर्ट यायचे होते, त्यामुळे उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

मुलांनी तिला तपासलं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या कार्डं लिहिली.

बहुतेकांनी डेंग्यू लिहिला होता. एकाची खात्री ९५ टक्के. मी त्याला एनएस१चं विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, सहाव्या दिवशी निगेटिव्ह येऊ शकते.” अगदी बरोबर, पहिल्या चार-पाच दिवसांनंतर ती टेस्ट कमी भरवशाची होते. “आणि पॉझिटिव्ह आली असती तर?” “तर डेंग्यूच.” म्हणजे टेस्ट कशीही आली तरी डेंग्यूच. ‘काय दिसलं तर मत बदलाल’ ही त्याची ओळ कोरी होती. मी काही बोलले नाही. त्या कोऱ्या ओळीकडे तो स्वतःच बराच वेळ बघत राहिला, आणि मला तेवढंच हवं होतं.

एका मुलीने माकडताप लिहिला होता. कारण: सत्तरी. २०१५ च्या सुमाराला सत्तरीत क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच हा माकडताप, पसरला तेव्हापासून गोव्यातल्या मुलांच्या डोक्यात सत्तरी म्हटलं की माकडताप असं पक्कं बसलंय. पण गोचिडीमुळे होणारा तो आजार मुख्यतः जानेवारी ते मेमधला, काजूच्या हंगामातला. तालुका आठवला, महिना निसटला. जे चटकन आठवतं ते जास्त संभवनीय वाटतं, हे पुस्तकात वाचून कळतं. पण आपल्याच हस्ताक्षरात बघितलं की बोचतं.

मग एका मुलाचं कार्ड. ‘स्क्रब टायफस, ८० टक्के.’ बाकीच्यांपैकी कोणी ते लिहिलं नव्हतं. त्याचं कारण वाचायच्या आधी मी पेडण्याहून आलेल्या एका मुलीचं कार्ड उचललं आणि तिथे थांबले.

तिने लेप्टो लिहिला होता, ६० टक्के. पोटऱ्या दुखतात, डोळे लालसर, पावसाचे दिवस. काय दिसलं तर मत बदलेन: ‘अंगावर एस्कार, म्हणजे स्क्रबची काळी खपली, सापडला तर. मी सगळं अंग तपासलेलं नाही, पडदा ओढलेला नव्हता.’ आणि शेवटच्या ओळीत: ‘दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आहेत, काही दिवसांपूर्वीचे वाटतात. पेशंट घरीच असते म्हणते. हे बसत नाही.’

ते ओरखडे सगळ्यांना दिसले होते. नाडी बघताना, बीपीचा पट्टा बांधताना प्रत्येकाच्या नजरेसमोर तो हात होता. पण निदान एकदा मनात पक्कं झालं की त्यात न बसणारी गोष्ट डोळ्यांना दिसूनही मनापर्यंत पोचत नाही. या मुलीने ती कागदावर उतरवली आणि तिच्याकडे उत्तर नाही हेही लिहिलं. एवढी वर्षं शिकवतेय, अशी ओळ वाचली की मला अजून आनंद होतो.

“जा, तिलाच विचार,” मी म्हटलं.

ती खाटेजवळ जाऊन बसली. तिने ‘काम काय करता’ विचारलं नाही. तो प्रश्न आधी विचारून झाला होता. तिने कोकणीत सरळ विचारलं, “मावशे, हाताक किदें जालां?” बाई हसली. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगतात त्या चौकटीचं, सामान आणायला नणंदेबरोबर रानात गेले होते, म्हणाली. कांगण्या, कवंडळं, मिळेल ती रानफळं. घरापुरतं ठेवून उरलेलं बाजारात विकलं. झुडपांत शिरावं लागतं, काटे लागतात. हे काम आहे असं तिला वाटतच नव्हतं. सणाचं सामान ते. आणि आमच्यापैकी कोणी तिला सणाबद्दल विचारलं नव्हतं.

मग पडदा ओढला, सिस्टरला बोलावलं, बाईची परवानगी घेतली. मी आणि ती मुलगी आत. काखा बघितल्या, स्तनांखाली बघितलं. परकराची नाडी जिथे आवळून बसते तिथे, डाव्या बाजूला, एक काळी खपली होती. जेमतेम सहा-सात मिलिमीटर, भोवती लालसर कडा. स्क्रब टायफसचा एस्कार: झुडपांतल्या माइट या किड्याच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लाने चावा घेतल्याची खूण. ती दुखत नाही, सहसा खाजतही नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. बाईला स्वतःलाही ती आहे हे माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर मुलांनी ‘८० टक्के’वाल्याची पाठ थोपटायला सुरुवात केली. मी त्याला त्याचं कारण मोठ्याने वाचायला सांगितलं. तो घुटमळला, पण त्याने प्रामाणिकपणे वाचलं: ‘मॅडमनी एवढ्या तापाच्या पेशंटांतून हाच निवडला म्हणजे साधा डेंग्यू नसणार.’

मी त्याला खरं ते सांगितलं. ती बाई वॉर्डात सगळ्यात बोलकी होती, मुलांनी तपासायला तिची हरकत नव्हती, म्हणून ती खाट निवडली होती. त्याचं उत्तर बरोबर होतं आणि ज्यावर ते उभं होतं ते मुळात नव्हतंच. त्याला एकट्याला उघडं पाडायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांना विचारलं: परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून आजवर कोणी निदान बदललंय? सगळे हात वर गेले. यात त्यांचा दोष कमी, आमच्या परीक्षांचा जास्त. बरोबर उत्तराला आम्ही ‘कशावरून’ विचारतच नाही, पुढच्या प्रश्नावर जातो. उद्या एखाद्या आरोग्य केंद्रात हा मुलगा एकटा असेल, समोर तापाचा पेशंट असेल आणि बघायला परीक्षकाचा चेहरा नसेल. तेव्हा त्याला स्वतःचा विचार कुठून आला हे विचारता यायला हवं. मी लेप्टो लिहिणाऱ्या मुलीचं कौतुक केलं आणि का केलं तेही सांगितलं. काहींना ते पटलं नाही. उत्तर चुकलेलीला शाबासकी मिळते हे त्यांनी आजवर पाहिलेलंच नव्हतं.

आपल्या विचारावर विचार करण्याला जॉन फ्लॅवेलने १९७० च्या दशकात मेटाकॉग्निशन हे नाव दिलं. पुढे कॅनडातल्या पॅट क्रॉस्केरीसारख्या डॉक्टरांनी निदानातल्या चुकांशी त्याचा संबंध जोडला, मनाच्या फसगतींच्या याद्या केल्या. त्या याद्या पाठ करून घेण्यावर माझा फारसा विश्वास नाही. कॅनडातल्याच जेफ्री नॉर्मन या संशोधकांचं म्हणणं आहे की निदान चुकतं ते बऱ्याचदा ज्ञान कमी पडल्यामुळे. ते मला वॉर्डात पदोपदी पटतं. एस्कार म्हणजे काय हे त्या मुलीने वाचलं नसतं तर तिची ‘मत बदलेन’ची ओळ आलीच नसती. चिंतन हे अभ्यासाच्या जागी येत नाही. अभ्यास झाला असेल तरच ते काही कामाचं ठरतं.

दोन दिवसांत बाईचा ताप उतरला. आयजीएमचा रिपोर्ट स्क्रबचाच आला. राउंडला ती म्हणाली, “माका आतां बरें दिसता,” म्हणजे आता बरं वाटतंय, आणि घरी कधी सोडणार ते विचारलं. नणंदेच्या अंगावर अशी खपली आहे का, ताप आलाय का, हे तिला फोन करून विचारायची आठवण मुलांनीच मला केली. नणंद ठणठणीत होती.

या कार्डांना इंटर्नलचे मार्क द्यावेत अशी सूचना आमच्याच विभागातून आली. मार्क नसतील तर मुलं गंभीरपणे लिहिणार नाहीत म्हणून. मी ती मान्य केलेली नाही. मार्क आले की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची खात्री ७० टक्के होईल आणि ‘बसत नाही’च्या ओळीत मला आवडेल असं काहीतरी येईल. कार्डं मुलांकडेच राहतात. महिन्याच्या शेवटी आपली टक्केवारी आणि आलेले निकाल त्यांनी स्वतः शेजारी मांडून बघायचे. पुढच्या टर्मला बालरोग विभागात ही कार्डं वापरायचं ठरतंय. तिथे हिस्टरी आई सांगते, कधी आजी, आणि दोघींचं जुळत नाही. त्यामुळे कार्डावर आणखी एक ओळ घालावी लागेल: यातलं मला कोणी सांगितलं, आणि मी स्वतः काय पाहिलं.