वास गुळाचा नव्हता

रविवार, रात्री

पन्हाळ्याहून परत येताना वडणग्याच्या आसपास गुऱ्हाळाचा वास आला. जानेवारीत त्या रस्त्याला तो येणारच. चुलवाणावर काहील, वर पांढरी वाफ, बाजूला चिपाडाचा ढीग. बायकोनं काच खाली केली. धाकटी म्हणाली, "थांबूया, काकवी घेऊया." उशीर झाला होता, मी थांबलो नाही. शिवाजी पूल झाला, गंगावेस झाली, मंगळवार पेठेत आमच्या बोळात गाडी लावली, तरी वास आहे तिथंच. गुऱ्हाळ काही पंचगंगा ओलांडून आमच्या मागं येत नाही.

बॉनेट उघडलं. वास आतून येत होता, गरम, गोडसर, थोडा करपट. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायच्या पाण्यात, इथिलिन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड, आणि गरम लोखंडावर सांडलं की असा वास सुटतो. काकवी हवी होती तिला, घ्या.

रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं नाही. एकदा उघडलं होतं, त्याचा डाग अजून मनगटावर आहे. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण ढिलं केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. जेवण करून दहा वाजता उघडलं. तांब्याभर पाणी कमी.

तापमानाचा काटा मात्र वाटेत जागचा हलला नव्हता. हेच वाईट. काटा चढला असता तर मी थांबलो तरी असतो.

सोमवार

काल रात्री गाडीखाली जुना 'पुढारी' पसरून ठेवला होता. सकाळी त्यावर तीन हिरवे ठिपके, गिअरबॉक्सच्या जवळ. पण ठिपका जिथं, तिथंच गळती असं नसतं. पाणी इंजिनाच्या ब्लॉकच्या कडेनं ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं. आपल्या छतासारखंच. गळतं एका कोपऱ्यात, ओल दिसते भलत्याच भिंतीवर.

होजपाइप दाबून बघितले, क्लिपा आवळल्या. वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, पंप गळला तर जिथनं टपकतं ते, कोरडं. पंखा धरून हलवला, खेळ नाही. डिपस्टिक काढली, ऑइल काळं आहे, पाणी मिसळून ताकासारखं झालेलं नाही. इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघितले. नाहीत. म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं गास्केट शाबूत. एवढ्यावर मी नारळ फोडायचाच बाकी होतो.

समोरचे काका गॅलरीतून म्हणाले, "मूठभर हळद टाक की रेडिएटरात. लगीच बसतंय."

बसतं, खरंच बसतं. हळदीचा लगदा भोकात जाऊन अडकतो. तोच लगदा रेडिएटरच्या नळ्यांतही अडकतो, हे पुढच्या उन्हाळ्यात कळतं. काकांना "बघतो" म्हणालो.

बुधवार

दाढीचा आरसा आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. ब्लॉकच्या कडेला गोल टोपणं असतात, आमचे मेकॅनिक त्यांना डमी म्हणतात, पुस्तकात कोर प्लग. सगळ्यात मागच्या डमीखाली हिरवट-पांढरी खपली. नखानं टोकरली तर नखच ओलं झालं. सापडली.

बाहेर आलो तर तात्या दारात खुर्ची टाकून बसलेले. वय ब्याऐंशी, नजर गेल्यात जमा, कान मात्र शाबूत.

"कुठनं गळतंय?"

"कोर प्लग गेलाय, तात्या."

"कसला कोर?"

मी सांगायला लागलो, ब्लॉकला भोकं असतात, थंड देशात पाण्याचा बर्फ झाला की टोपण बाहेर पडतं आणि ब्लॉक वाचतो, म्हणून ती ठेवलेली असतात वगैरे. कुठंतरी वाचलेलं.

तात्या हसले. "अरं, ते भोक बर्फासाठी न्हाई. वाळू काढायला ठेवलेलं भोक हाय ते."

मग मला कळलं. ज्या माणसानं उद्यमनगरच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं कोर बनवले, त्याला मी कोर प्लग समजावून सांगत होतो. घरात 'कोर' हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. "आज कोर फुटले", "कोर भट्टीत हायत". आणि गाडीचा कोर प्लगही वीस वर्षं तोंडात आहे. दोन्ही एकच, हे कधी डोक्यात आलं नाही.

तात्यांनी मग पाऊण तास सांगितलं. सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायला पोकळी लागते. पोकळी ओतता येत नाही, म्हणून तेवढ्या आकाराचा वाळूचा कोर करून साच्यात ठेवायचा आणि त्याच्याभोवती रस ओतायचा. कोर अधांतरी राहत नाही, त्याला बाजूनं टेकू लागतो. टेकू जिथं, तिथं कास्टिंगला भोक राहतं. थंड झाल्यावर त्याच भोकातून सळई घालून वाळू फोडून काढायची. शेवटी टोपण. तात्यांचे कोर शेतावरच्या ऑइल इंजिनाचे, पण रीत तीच. वाळूत जवसाचं तेल घालून भाजायची, कधी मळी घालायची, साखर कारखान्याची.

"मळी करपली की असाच वास यायचा," ते म्हणाले. "रविवारी तू बॉनेट उघडलंस तवा मला वाटलं, शॉपमध्येच बसलोय."

शनिवार

अर्धी रजा टाकून उद्यमनगर. बाजारात पत्र्याचे डमी मिळतात, पण मला पितळी हवा होता, पितळ गंजत नाही. एका लेथवाल्याकडे भोकाचं माप दिलं. त्यानं विचारलं कशाला, मी म्हटलं अँबॅसिडरला, 1977 ची.

"चालती अजून?"

"आजच्याला न्हाई."

पितळी बारातून त्यानं वाटी कातून दिली, भोकापेक्षा केसभर मोठी. अडीचशे रुपये. एक जादा कर म्हटलं तर म्हणाला, "दुसरा गळाय लागला की ये."

रविवार

कूलंट थंड इंजिनातून बादलीत काढलं. गटारीत सोडलं नाही. गोड असतं म्हणून कुत्री चाटतात, आणि ते विष आहे. बोळातली तांबडी कुत्री तासभर बादलीभोवती घोटाळत होती, तिला हाकलायचं काम धाकटीकडे.

डमीच्या एका कडेला पंच ठेवून हलकेच ठोका दिला. बेतानं, नाहीतर टोपण आत पडतं आणि मग काढत बसा. दुसऱ्या ठोक्याला ते भोकात आडवं फिरलं. पकडीनं धरून ओढलं. पुचकन आवाज झाला आणि मनगटावरून कोपरापर्यंत तांबडा चिखल. टोपणाची आतली बाजू चाळणी झालेली. दोष आमचाच. 1991 मध्ये गाडी घेतल्यापासून कित्येक वर्षं नुसतं नळाचं पाणी घातलं, कूलंटचे पैसे वाचवले. चिखलाच्या तळाला पिवळा थर होता. तात्यांना विचारलं.

"राधानगरीला जाताना टाकली हुती हळद," ते म्हणाले. "तू बारावीला हुतास."

पट्टणकोडोलीच्या बिरदेवाचा भंडारा उधळावा तसा माझा हात झालेला, आणि वर काका गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत.

बोट आत घालून खरवडलं. चिखलाबरोबर रवाळ काहीतरी आलं, काळपट, साखरेच्या दाण्याएवढं. तात्यांनी हात पुढं केला. मी तळहातावर थोडं ठेवलं. त्यांनी पाण्यात बुचकळून चिखल काढला, अंगठ्यानं दोन बोटांवर घोळवलं, कानाजवळ नेऊन चुरडलं.

"कोरची हाय."

"एवढ्या वर्षांनी?"

"एवढी राहतीयाच. आमच्यातबी राहायची. कोपऱ्यात सळई पोचत न्हाई." परत चुरडलं. "बारीक हाय. बरी वाळू वापरलीया."

होजपाइप लावून ब्लॉक धुतला. तांबडं, मग पिवळं, मग स्वच्छ. भोकाची कड पॉलिश पेपरनं घासली, शेलॅक लावलं, वाटी टेकवली. मागं बल्कहेड, म्हणजे इंजिनामागची पत्र्याची भिंत, हातोडा उचलायला वीतभरच जागा. मापाचा पाना-सॉकेट वाटीवर ठेवून ठोकायला लागलो. टिंग, टिंग, टिंग. वाकडी बसते का सरळ, आरशात काही कळेना. घाम डोळ्यात. टिंग, टिंग, टक.

"थांब," तात्या खुर्चीतून ओरडले. "बसलं. आता मारू नको."

मी अजून एक मारणारच होतो. आरसा धरून बघितलं, वाटीची कड सगळीकडून सारखी आत गेलेली.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, वरचा होज दाबून दाबून हवा काढली. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम बोटभर खाली गेली, परत भरलं. रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. काच खाली, नाक बाहेर. भेळेचा वास आला, दुसरा कुठला नाही.

सोमवार, सकाळी

'पुढारी' काढला. हिरवं काही नाही. डाव्या कोपऱ्यात ऑइलचा एक काळा थेंब. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते बघू पुढच्या रविवारी," आणि चहात पाव बुडवला.