कोलनच्या पुढे
"फाइल अद्ययावत आहे," मेकनं, म्हणजे मूळ फाइली बदलल्या की त्यांच्यावरून बनणारी फाइल पुन्हा तयार करणाऱ्या प्रोग्रामनं, तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. ती फाइल बनवणाऱ्या शेल स्क्रिप्टमधली (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलीतली) चूक मी दुपारीच दुरुस्त केली होती. तरी फाइल जुनीच.

कोणती फाइल कशावरून बनवायची हे मेकला सांगणारी मेकफाइल बघत शेजारची ज्युनिअर म्हणाली, "दादा, स्क्रिप्टचं नाव नुसतं खाली कमांडमध्ये आहे. कोलनच्या पुढे कुठंय?"

खरंच नव्हतं. मेकफाइलमध्ये कोलनच्या आधी बनवायची फाइल आणि पुढे ती ज्यांवर अवलंबून आहे त्या फाइली लिहितात. फाइल जुनी झाली का हे ठरवायला मेक कोलनपुढच्या फाइलींच्याच बदलाच्या वेळा तिच्या वेळेशी ताडून बघतं. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये ते लिहिलं, तेव्हापासून हेच. कमांड कोणती स्क्रिप्ट चालवते, ते त्याला आपण सांगायचं असतं.

एक नाव वाढवलं, फाइल लगेच नवी झाली.

घरी येताना तेच डोक्यात. आपलं काम कशाकशावर अवलंबून आहे, हे किती ठिकाणी लिहायचं राहून गेलं असेल? तुमच्याकडे हे कोण तपासतं?