एक टन उचलायचाय, आणि उंची फक्त २३० मिमी

गेलं दीड वर्ष मी एका डब्यावर काम करतोय. खरं तर तो रोबोट आहे, पण वर्कशॉपमध्ये सगळे डबाच म्हणतात, मीही. ट्रॉलीखाली घुसायचं, ट्रॉली उचलायची, कारखान्यातल्या दुसऱ्या लाइनला नेऊन ठेवायची, एवढंच काम. अट अशी की कस्टमरच्या ट्रॉल्या आधीच बनलेल्या, खाली जागा २६० मिमी (म्हणून डब्याची उंची २३०), त्यावर माल एक टन, आणि गल्ली दीड मीटरची.

लोकांना वाटतं मोटर दमदार पाहिजे. पण मोटर खरंच लहान लागते हो. सपाट फरशीवर पीयूच्या (पॉलियुरेथेन, कडक रबरासारखं प्लास्टिक) चाकांवर एक टन ढकलायला साधारण २०० न्यूटन पुरतात, थोडा चढ धरा, सुरुवातीचा झटका धरा, तरी ७०० च्या आसपास. १५० मिमीच्या चाकाला मिळून ५२-५३ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) झाला, म्हणजे दोन मोटर आणि जोर वाढवणारे दोन छोटे प्लॅनेटरी गिअरबॉक्स, विषय संपला.

घोडं अडतं ते पकडीवर. आमचा डबा स्वतः १२० किलोचा, त्यातलं निम्मं वजन ड्राइव्हच्या (मोटरने फिरणाऱ्या) चाकांवर, बाकीचं कॅस्टरवर, म्हणजे नुसत्या आधाराच्या मोकळ्या चाकांवर. फरशी कोरडी असली तरी तेवढ्या वजनावर चाक ३०० न्यूटनच्या पुढे ओढू शकत नाही, तिथे तेल सांडलेलं असेल तर विचारूच नका. म्हणून नुसती हुक लावून ट्रॉली ओढायची आयडिया पहिल्याच आठवड्यात बाद. ट्रॉली उचलली की मात्र तेच ओझं आपल्या चाकांवर येतं आणि पकड फुकटात मिळते.

मग उचलायचं कसं? सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं सिझर लिफ्ट, कात्रीसारखे हात उघडून वर जाणारी, माझ्याही आलं. पण २३० मिमीत बसवायची तर बंद असताना तिचे हात जवळजवळ आडवे पडतात, ८ अंशांचा कोन धरला तर आडवा जोर लागतो वजनाच्या सातपट. एक टन उचलायला सात टनांचा धक्का, पिना चुरमडून जातील. आम्हाला हवी होती फक्त ४० मिमी उचल, ट्रॉलीची चाकं जमिनीवरून सुटली की बस, म्हणून शेवटी चार कोपऱ्यांत चार स्क्रू जॅक आणि मध्ये एक मोटर. दिसायला गावठी आहे, पण लाइट गेली तरी ट्रॉली जागच्या जागी राहते, कारण तो स्क्रू उलटा फिरत नाही.

किवा वाल्यांनी हे फार सुंदर सोडवलं होतं (गोदामातले रोबोट बनवणारी २००३ ची अमेरिकन कंपनी, २०१२ मध्ये ॲमेझॉनने ७७.५ कोटी डॉलरला घेतली). रोबोट रॅकखाली स्वतःभोवती फिरतो आणि त्या फिरण्यानेच स्क्रू चढतो, वरचा रॅक जागेवरच. पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा जेवण बाजूला राहिलं होतं. पण त्यांचं गोदाम रोबोटसाठीच आखलेलं, फरशी गुळगुळीत, आणि आमच्याकडे...

तर फरशीकडे येतो. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये डबा मस्त पळत होता. चाकणला कस्टमरच्या कारखान्यात नेला, पहिल्याच दिवशी ड्रेनेजच्या जाळीवर अडकला, पुढचे कॅस्टर जाळीच्या पट्टीवर चढले आणि ड्राइव्हची चाकं हवेत, जागच्या जागी गरागरा. कस्टमरचे साहेब बघतायत, आम्ही दोघं पोटावर झोपून खाली टॉर्च मारतोय. तेवढ्यात तिथले एक मामा, वीसेक वर्षं हॅण्ड पॅलेट ओढणारे, म्हणाले, "ओ साहेब, आम्ही पण जाळीवर गाडी सरळ नाय घालत, तिरकी घालतो, एकेक चाक जातं मग." खरं होतं ते, सरळ गेलं की दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात. त्याच दुपारी मार्ग २० अंश तिरका केला आणि डबा पार झाला.

पण ते तात्पुरतं. मूळ दुखणं स्प्रिंगचं होतं. ड्राइव्हच्या चाकांना स्प्रिंग घट्ट ठेवली तर रिकामा डबा कॅस्टरवरून उचलला जायचा, सैल ठेवली तर एक टन चढल्यावर चाक घसरायचं, मधली जागाच नव्हती. शेवटी स्प्रिंग काढून टाकली आणि पुढचं कॅस्टर अन् ड्राइव्हचं चाक एकाच दांड्यावर बसवलं, मध्ये पिन, तराजूसारखं. आता वजन कितीही येऊ द्या, वाटणी त्याच प्रमाणात होते. त्या दांड्यासाठी बॅटरी ३५ मिमी सरकवावी लागली, वायरिंगवाल्या भावाने दोन दिवस बोलणं सोडलं होतं.

अजून एक गंमत राहिलीये. १२०० बाय ८०० ची ट्रॉली जागेवर फिरवली तर तिचा कर्ण १४४२ मिमी, गल्ली १५००, म्हणजे दोन्ही बाजूला २९-२९ मिमी! कागदावर बसतं, पण माणूस शेजारून जात असेल तर पाय सापडणार, म्हणून गल्लीत वळायचंच नाही, फक्त चौकात वळायचं असं ठरलं. आणि खाली बसवलेल्या लायडारला (लेझरने अडथळे बघणारा सेन्सर) आपल्याच ट्रॉलीचे चार पाय दिसतात आणि तो "अडथळा, अडथळा" करत थांबतो, तेवढे कोन मास्क केलेत, म्हणजे तिकडे बघूच नको असं त्याला सांगितलंय. सोमवारी परत चाकण, मामांना आधीच सांगून ठेवलंय की जाळीपाशीच उभे राहा.