तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरू चपात्या लपवून ठेवतं, काय करायचं?

सांगलीत आमच्याकडे फॉस्टर केअरमधली, म्हणजे दत्तक न घेता काही काळ घरी सांभाळायला आणलेली, मुलगी आहे, त्यामुळे नव्याने मूल घरी आणलेले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, की ताई, पोटभर वाढतो तरी पोरगं चपात्या उशीखाली, दप्तरात लपवतं, ही सवय मोडायची कशी? आमच्या मुलीची आधीची कहाणी मी सांगणार नाही, ती तिची आहे. पण उत्तर देते.

आधी एक, ही चोरी नाही. ज्याला रात्री जेवण मिळेल की नाही हेच माहीत नसायचं त्याचं पोट आज भरलं म्हणून उद्याची धास्ती लगेच जात नाही, आणि आपण ओरडलो किंवा फळीला कुलूप घातलं की त्याची धास्ती खरीच ठरते आणि लपवायच्या जागा फक्त वाढतात.

आम्ही तिला तिचा स्वतःचा डबा दिला, हाताला येईल अशा फळीवर, त्यात भडंग, शेंगदाणे, तासगावचे बेदाणे, कधीही खा, विचारायचं नाही, आणि रिकामा व्हायच्या आत आम्ही भरतो. (बारकं पोर असेल तर अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात, कुटाचा लाडू द्या.) आणि जेवणाच्या वेळा पक्क्या. पाचला खायला देते म्हटलं की पाचलाच द्यायचं, पाहुणे आले तरी.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची एक पद्धत आहे, काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. आपल्याकडे हेच सगळ्यात जड जातं हो, कारण आपण एक घास चिऊचा करत भरवणारी माणसं, वर पानात टाकायचं नाही हा दंडक. पण किती खायचं हे पोराच्या हातात आलं ना, तरच त्याला स्वतःची भूक कळायला लागते, मला तरी हे मनापासून पटलंय. मेथी-शेपू थोडीशी वाढायची, शेजारी ओळखीचा आमटी-भात असू द्यायचा, आणि नाही खाल्लं तर विषय सोडायचा. नवीन चव पटायला दहा-पंधरा वेळासुद्धा लागतात. भाजी संपव मग चॉकलेट, हे अजिबात नको. आणि कुणी पाहुणा "किती खाते गं ही!" म्हणाला तर त्याला तिथंच थांबवा, माझं याबाबतीत कुणाशीही वाकडं व्हायची तयारी आहे.

चहा जेवणासोबत नको, त्याने अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही, त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळा.

लपवणं हळूहळू कमी होतं, शाळा बदलली, घरात भांडण झालं की परत वाढतं, घाबरू नका. मात्र वजन उतरतंय, खाऊन उलट्या होतायत किंवा माती, खडू खातंय असं दिसलं तर थांबू नका, मिरज जवळ आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ताईंनाही कळवा.