एवढ्या मोठ्या महालात बादशहा बसायचा कुठे?

मला जुन्या इमारतींचे नकाशे बघायचा नाद आहे आणि सध्या बीजिंगची फॉरबिडन सिटी, म्हणजे चिनी बादशहांचा जुना राजवाडा, डोक्यात बसलीय. फोटोंत सगळे तो भलामोठा फरसबंद चौक आणि पिवळी कौलंच दाखवतात, पण नकाशावर दक्षिणेकडून उत्तरेकडे बोट फिरवत गेलं ना की खरी गंमत कळते, जसजसं आत जावं तसतशी जागा लहान होत जाते.

इतिहास थोडक्यात सांगतो. मिंग घराण्यातल्या योंगलेने सख्ख्या पुतण्याकडून गादी हिसकावली, राजधानी नानजिंगहून बीजिंगला नेली आणि १४०६ ते १४२० मध्ये हे सगळं बांधून घेतलं. जवळपास ७२ हेक्टर जागा, भोवती ५२ मीटर रुंद खंदक. मिंग आणि नंतरचे छिंग मिळून २४ बादशहा इथे झाले.

दक्षिणेचा मुख्य दरवाजा वूमेन. त्याची मधली कमान फक्त बादशहाची. बादशहाच्या बायकोला तिथून आयुष्यात एकदाच आत येता यायचं, लग्नाच्या दिवशी, आणि सरकारी परीक्षेत पहिल्या तिघांत आलेल्यांना एकदाच बाहेर पडता यायचं (यूपीएससीवाल्यांनी हे वाचून उगाच हळवं होऊ नये).

पुढे तीन टप्प्यांच्या संगमरवरी जोत्यावर एकामागे एक तीन सभागृहं, त्यातलं सगळ्यात मोठं ताइहे. एवढा थाट, पण वापर कशाला, तर राज्यारोहण, नवीन वर्ष, बादशहाचा वाढदिवस! आणि सगळं लाकडी काम, त्यामुळे आगीची कायमची धास्ती. बांधून वर्षभर होतंय न होतंय तोच १४२१ मध्ये वीज पडून तिन्ही सभागृहं जळाली. आज दिसतं ते ताइहे छिंग बादशहा कांगशीच्या काळात, १६९५ नंतर पुन्हा उभारलेलं. म्हणून अंगणांत जागोजागी धातूचे मोठे रांजण पाणी भरून ठेवलेले असायचे, आणि थंडीत पाणी गोठू नये म्हणून खालून विस्तव. ग्रंथालयाची कौलं तर मुद्दाम काळी केलीयत, कारण त्यांच्याकडे काळा रंग पाण्याचा.

या सभागृहांच्या मागे राहण्याचा भाग. इथलं छ्यानछिंग हे बादशहाचं अधिकृत निवासस्थान, पण इथेही बादशहा कायम टिकले नाहीत. १५४२ मध्ये जियाजिंग बादशहा झोपेत असताना दासींनीच त्याचा गळा आवळायचा प्रयत्न केला, गाठ नीट न बसल्यामुळे तो वाचला आणि नंतर तो बाहेर पश्चिमेच्या बागेतच राहायला गेला. मी पण गेलो असतो! १७२२ मध्ये कांगशी वारला, तेव्हा त्याचा मुलगा योंगझेंग वडिलांच्या दालनांत न जाता बाजूच्या छोट्या यांगशिन महालात राहिला, आणि मग पुढचे बादशहाही तिथेच. छ्यानछिंगमध्ये उरलं काय, तर सिंहासनावरच्या फलकामागे ठेवलेली पेटी, ज्यात वारसाचं नाव लिहिलेलं असायचं. त्यामागच्या राणीमहालात तर छिंग लोकांनी मोठ्या कढया बसवून बळीची डुकरं शिजवायला घेतली, ते मूळचे ईशान्येकडचे मांचू लोक ना, त्यांचे देव वेगळे.

आणि साठ वर्षं राज्य केलेला छ्यानलोंग? आवडती हस्ताक्षरं बघायला तो यांगशिनमधल्या सानशीथांग नावाच्या एवढ्याशा खोलीत बसायचा. पुढे याच यांगशिनमध्ये राजमाता त्सीशी पडद्यामागे बसून कारभार हाकायची. म्हणजे सगळी सत्ता त्या बाजूच्या दोन-चार खोल्यांत आणि मधला सगळा भव्य पसारा समारंभापुरता.

१९१२ मध्ये शेवटचा बादशहा, पोरवयाचा पूयी, गादीवरून उतरला, तेव्हा करारात त्याला तात्पुरतं महालात राहायची मुभा मिळाली; समोरचा भाग सरकारकडे गेला आणि तो मागच्या भागात राहिला. पोराला सायकलचा नाद लागला, वाटेत उंबरे आडवे येतात म्हणून त्याने ते सरळ कापायला लावले, पूर्वजांची कसलीच भीड नाही. १९२४ मध्ये फंग यूशियांग या लष्करी सरदाराच्या सैन्याने त्याला बाहेर काढलं आणि पुढच्याच वर्षी १० ऑक्टोबरला तिथे म्युझियम उघडलं.