गोल फिरलेले बाण

डायाकामा गटातल्या मुंग्यांत वेगळी राणी नसते. कोषातून निघालेल्या प्रत्येक मादीच्या पाठीवर, पंखांच्या जागी, दोन इवल्या कळ्या असतात. जिच्या शाबूत राहतात ती नराशी मीलन करून अंडी घालते. बाकीच्यांच्या लगेच कुरतडल्या जातात. पण अंडाशय शिल्लक असतंच. नर जन्माला घालणारी अफलित अंडी त्याही घालू शकतात, म्हणून कामकरणींत झटापट चालते: एक जबड्यात धरून हिसके देते, दुसरी अंग चोरून दबते.

प्रत्येक झटापट म्हणजे धरणारीकडून दबणारीकडे एक बाण. 2014 साली जपानी संशोधकांनी याच गटातल्या मुंग्यांत दाखवलं होतं की हे बाण जवळजवळ कधीच गोल फिरत नाहीत, म्हणजे पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला दाबते असं होत नाही. नाणं उडवून दिशा ठरवली, तर चारांतलं एक त्रिकूट गोल निघालं असतं.

आमच्या वसाहतीतल्या मुंग्या आम्ही वक्षावरच्या आणि उदरावरच्या रंगीत ठिपक्यांवरून ओळखत होतो. त्या दिवशी झटापटींच्या आठ दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या आणि तीन त्रिकुटं गोल निघाली. छोट्या वसाहतीत इतकी म्हणजे आधी नोंदीवरच संशय घ्यायचा.

तिन्हींत एक मुंगी सामाईक होती: वक्षावर पिवळा ठिपका, उदर कोरं. चित्रफीत थांबवून मोठी करून पाहिली. या मुंग्यांच्या अंगावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा असतात. ‘कोऱ्या’ उदरावरच्या एका रेघेत पांढऱ्या एनामल रंगाचा कण अडकलेला! ही तर पिवळी-पांढरी, म्हणजे वक्षावर पिवळा आणि उदरावर पांढरा ठिपका असलेली दुसरीच मुंगी. सोबतिणींनी चाटून-खरवडून ठिपका काढला होता आणि सहाव्या दिवसापासून दोघींच्या झटापटी आम्ही एकीच्याच नावावर मांडत होतो.

चूक रंगाची नव्हती, खुणांच्या यादीची होती. ‘कोरं’ ही खूण कधीच ठेवू नये. ठिपका गळाला की एक मुंगी गुपचूप दुसरी होते. प्रत्येकीला दोन ठिपके दिले, तर गळती निदान दिसते. टाचणीच्या टोकाएवढाच रंग लावावा, सांध्यावर अजिबात नको, आणि रोज निरीक्षणाआधी सगळ्यांची हजेरी घ्यावी.

बाण दुरुस्त केल्यावर दोन वर्तुळं सुटली. तिसरं राहिलं. ते खोडायचा मोह मी टाळला आणि नोंदी दिवसवार वेगळ्या केल्या. चौथ्या दिवसापर्यंत निळी-लाल त्या खऱ्या कोऱ्या उदराच्या पिवळीपुढे दबत होती. पाचव्यापासून तीच पिवळीला हिसके देत होती. कोणत्याही एका दिवसात वर्तुळ नव्हतंच. तिघींत निळी-लाल सगळ्यांत नवी होती.