आधी अल्फा, मग बीटा

माझं कराडजवळ औषधांचं दुकान आहे. बी.फार्म.ला असताना अल्फा आणि बीटा रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर हार्मोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांचा, तक्ता घोकून पाठ केला होता आणि पेपर झाल्यावर रीतसर विसरलोही होतो. तोच तक्ता स्वतःच्या अंगावर वाचायची वेळ आली ती फिओक्रोमोसायटोमामुळे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत ही गाठ होते आणि वेळी-अवेळी रक्तात अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही हार्मोन्स ओतत राहते. हा आजार दुर्मीळ आहे. त्यामुळे निदान होईपर्यंत माझ्यावर बीपी, शुगर, पित्त आणि ‘दुकानाचं टेन्शन’ असे सगळे शिक्के मारून झाले होते.

झटका यायचा तो असा : डोकं ठणकायला लागायचं, बनियन पिळून काढावा इतका घाम, छातीत धडधड, चेहरा पांढराफटक. त्या वेळी बीपी मोजलं तर वरचा आकडा दोनशेच्या पुढे. अर्ध्या तासात सगळं शांत, आणि मग डॉक्टरांकडे जावं तर तिथे बीपी ठीकठाक. जेवण नेहमीसारखं असूनही वजन उतरत होतं. घराण्यात कुणाला नसलेली शुगर मला निघाली होती. या सगळ्याची सांगड घातली ती आमच्या गावातल्याच एका फिजिशियनने.

तपासणी मेटानेफ्रिन्सची. अ‍ॅड्रेनलिनच का मोजत नाहीत, हा माझा पहिला प्रश्न होता. अ‍ॅड्रेनलिन झटक्यासरशी येतं आणि जातं. पण गाठीतल्या पेशी आतल्या आत त्याचं मेटानेफ्रिनमध्ये रूपांतर करत असतात, ते सतत झिरपतं आणि झटका नसतानाही सापडतं. चोवीस तासांची लघवी साठवायला लॅबने कॅन दिला. त्यात आधीच आम्ल घातलेलं असतं, म्हणून लघवी वेगळ्या भांड्यात धरून मग जपून ओतायची. रक्ताचा नमुना द्यायच्या आधी अर्धा तास उताणं पडून राहायचं. उठून बसलात तरी आकडा वाढतो. रिपोर्ट कित्येक पटींनी जास्त आला. मग सीटी स्कॅन, आणि डाव्या बाजूला साडेचार सेंटिमीटरची गाठ.

पुण्यातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, “तुम्ही फार्मसीवाले ना? मग नीट सांगते. तुमची शुगर ही नेहमीची शुगर नाही, गाठीची करणी आहे.” रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी यकृताची पेशी काढली.

अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या आत जातच नाही. पेशीच्या आवरणात सात वेळा आतबाहेर विणलेलं एक प्रथिन असतं, तो रिसेप्टर. बाहेरून अ‍ॅड्रेनलिन चिकटलं की त्याचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूचं जी-प्रोटीन जागं होतं. यकृतातल्या बीटा-२ रिसेप्टरला जोडलेलं जी-प्रोटीन सायक्लिक एएमपी हे पेशीतलं निरोप्या रसायन तयार करायला लावतं. ते कायनेझ नावाच्या एका एन्झाइमला चालना देतं, ते दुसऱ्या कायनेझला, ते फॉस्फोरिलेझ या एन्झाइमला, आणि साठवलेलं ग्लायकोजेन फुटून साखर रक्तात येते. दर पायरीवर एकाचे अनेक होतात, गावातल्या बातमीसारखे, त्यामुळे चिमूटभर अ‍ॅड्रेनलिन यकृताचं कोठार रिकामं करू शकतं. सायक्लिक एएमपी शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांनी हे काम यकृताच्या फोडलेल्या पेशींवरच केलं. १९७१चं नोबेल त्यासाठीच.

यकृतात अल्फा-१ रिसेप्टरही असतो. तो सायक्लिक एएमपीच्या वाटेला न जाता पेशीतलं कॅल्शियम वाढवतो आणि त्याच ग्लायकोजेनपाशी पोचतो. चरबीच्या पेशीत बीटा रिसेप्टर लायपेझ या चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला कामाला लावतो, चरबी विरघळत जाते. माझ्या पट्ट्याला नवी भोकं का पाडावी लागली, ते इथे कळलं. आणि स्वादुपिंडात अल्फा-२. याचं जी-प्रोटीन उलट्या स्वभावाचं, सायक्लिक एएमपी कमी करणारं, त्यामुळे इन्शुलिन बाहेर पडायचं थांबतं. साखर एकीकडून ओतली जातेय आणि तिला पेशीत नेणारा दुसरीकडे कोंडलेला. रसायन एकच, पण ज्या पेशीवर जो रिसेप्टर तसा हुकूम. अल्फा आणि बीटा ही वाटणी रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८मध्ये मांडली, तेव्हा रिसेप्टर कुणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

ऑपरेशनआधीची तयारी हा सगळ्यात चिवट भाग. लगेच पोट उघडत नाहीत. रात्री झोपताना प्राझोसिनची पहिली गोळी, आणि सक्त ताकीद, की उठताना आधी कुशीवर वळा, बसा, मगच उभे राहा. प्राझोसिन अल्फा-१ बंद करतं, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात. नाकातल्याही सैलावतात, म्हणून नाक कायम चोंदलेलं. रोज बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी वहीत लिहायचं.

त्यातच बाईंनी भरपूर पाणी आणि मीठ घ्यायला सांगितलं. आई हादरलीच. “बीपीच्या माणसाला खारं खायला सांगणारी ही कुठली डॉक्टर?” कारण साधं आहे : वाहिन्या महिनोन्‌महिने आवळलेल्या राहिल्या की आतलं रक्ताचं पाणी आटतं. वाहिन्या मोकळ्या केल्या पण भरल्या नाहीत, तर गाठ काढल्याक्षणी बीपी तळाला जातं. म्हणून ताकात मीठ, ताटात पापड-लोणचं. आईने वाढलं, पण तोंड वाकडं करूनच.

धडधड मात्र कमी होईना. दुकानात प्रोप्रानोलॉलचे, म्हणजे बीटा रिसेप्टर बंद करणाऱ्या गोळ्यांचे, डबे भरलेले. बाईंना विचारलं, “एक घेऊ का?” त्या खुर्चीत ताठ बसल्या. “अल्फा पूर्ण बंद व्हायच्या आधी अजिबात नाही.” स्नायूंच्या रक्तवाहिन्यांमधला बीटा-२ त्या वाहिन्या रुंद करतो. तोच आधी बंद केला तर आवळणारा अल्फा मोकाट सुटतो आणि बीपी जीवघेणं चढतं. आधी अल्फा, काही दिवसांनी बीटा, हा क्रम कधीच मोडायचा नाही. नंतर तीच प्रोप्रानोलॉल त्यांनीच लिहून दिली.

बीपी आटोक्यात आलं तरी शुगर फारशी हलली नाही. माझ्यातला फार्मासिस्ट इथे खूश झाला : प्राझोसिन अल्फा-१ रोखतं, स्वादुपिंडातल्या अल्फा-२ला हात लावत नाही. शुगर उतरायला गाठच जायला हवी होती.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. मला काहीच आठवत नाही, पण भूलतज्ज्ञांनी नंतर सांगितलं, की गाठीला धक्का लागताच बीपी उसळलं आणि तिची शीर बंद केल्यावर इतकं घसरलं की नॉरअ‍ॅड्रेनलिनचीच ड्रिप लावावी लागली. सतत मारा झाला की पेशी रिसेप्टरला फॉस्फेट चिकटवते, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन बसतं आणि रिसेप्टर आत ओढून घेतला जातो. ते पुन्हा वर येईपर्यंत थोडक्या रसायनाला शरीर दाद देत नाही. रिसेप्टरच्या या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२चं नोबेल मिळालं.

आयसीयूत सिस्टर तासातासाला बोट टोचत होत्या. पहाटे आकडा ५८ आला आणि लगेच डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन) चढलं. कोंडलेलं इन्शुलिन सुटलं होतं आणि यकृताचं कोठार आधीच रिकामं होतं. ज्या शुगरसाठी मी गोळ्या खात होतो, तीच आता वाढवायची धडपड चालली होती.

शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, बीपीच्याही. एका अ‍ॅड्रिनलवर माणसाचं व्यवस्थित चालतं. पण अशा गाठींमागे बऱ्याचदा आनुवंशिक कारण असतं, म्हणून जनुकीय तपासणीला रक्त दिलंय. रिपोर्टमध्ये काही निघालं तर धाकट्या भावालाही तपासून घ्यावं लागेल. गाठ पुन्हा होऊ शकते, त्यामुळे मेटानेफ्रिन्स दरवर्षी मोजायचेच आहेत.